तुम्ही विचारलंत म्हणून: नाव कुणालाच माहीत नसताना माणसं कशी जोडली

"ताई, फॉलोअर्स कसे वाढवले?" हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा करून पुढे एटीडी नाहीतर जीडी आर्ट अशा कलेच्या पदविकेला गेलेली मुलं विचारतात, घर सांभाळून चित्रं काढणाऱ्या बायका विचारतात, आणि मागच्या आठवड्यात सांगलीच्या एका मुलीने रात्री साडेअकराला मेसेज केला की दोन वर्षं रोज काहीतरी टाकतेय, 340 फॉलोअर्स आहेत, त्यातले अर्धे वर्गातलेच, आता सोडून देऊ का. तिला तेव्हा एवढंच लिहिलं की सोडू नको, नीट सांगते. तर ते आता नीट सांगते.

मी साताऱ्यात राहते. दिवसा पतसंस्थेत नोकरी, पहाटे आणि रविवारी चित्रं. पेनाने रेघ आणि वर वॉटरकलर. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत मी आजवर फक्त बघायला गेलेय, पेपरात कधी नाव आलं नाही, आणि तरीही माझी चित्रं गेली पाच-सहा वर्षं नियमित विकली जातायत. हे कसं झालं ते कळायला मलाच बराच वेळ लागला कारण सुरुवातीला मीही आकडाच बघत होते.

2020 च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आले. सगळ्यांसारखं मीही केलं. कास पठारावरच्या फुलांचं चित्र, रंग पसरताना फास्ट केलेला व्हिडिओ, मागे चालू असलेलं गाणं. ठोसेघरचा धबधबा तर इतका चालला की दोन दिवस फोन हातातून सुटेना. लाखाच्या वर लोकांनी बघितला. पण त्यातल्या एकानेही विचारलं नाही की हे कुणी काढलंय, कुठल्या कागदावर काढलंय, विकत मिळेल का. सप्टेंबरात कास सगळेच टाकतात, फोटोवाले, ड्रोनवाले, ट्रेकवाले, त्या गर्दीत माझं एक चित्र होतं आणि बघणाऱ्याने अंगठा वर सरकवला की ते संपलं. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. एवढे लोक येऊन गेले आणि घर रिकामंच, असं काहीतरी वाटायचं.

मग लिंबची विहीर झाली. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते कारण मला जे काही कळलं ते इथेच कळलं.

लिंब गावातली बारामोटेची विहीर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, एका वेळी 12 मोटा (बैलांनी ओढून पाणी उपसायच्या चामड्याच्या पिशव्या) चालायच्या म्हणून हे नाव, आणि विहिरीच्या पोटातच दगडी महाल. जानेवारीत तिथे तीन रविवार बसून मी चित्र काढलं आणि वरच्या बाजूला मनानेच एक चालती मोट काढली. बैल, चाक, दोर, मोट. मी मोट कधी बघितलेली नाही, माझ्या लहानपणी आमच्याकडे इंजिन होतं. टाकलं चित्र. फारसं कुणी बघितलं नाही. पण चार दिवसांनी कोरेगाव तालुक्यातल्या एका आजोबांचा निरोप आला, नातवाने टाइप करून दिलेला: "मोटंला दोर दोन असत्यात बाई. नाडा आन् सोंदूर. तुमची मोट वर यील पर पाणी वतायची न्हाई."

मी नातवाकडून नंबर घेतला आणि फोन केला. चाळीस मिनिटं आजोबा बोलत होते. नाडा म्हणजे जाड दोर, तो वरच्या मोठ्या चाकावरून जातो आणि मोटेचा भार घेतो. सोंदूर बारीक, तो खालच्या कण्यावरून, म्हणजे लाटण्यासारख्या आडव्या लाकडावरून जातो आणि मोटेच्या सोंडेला, पाणी बाहेर पडायच्या नळीला, बांधलेला असतो. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, उताराला चालले की मोट वर येते, खाली असेपर्यंत सोंड वर दुमडलेली असते म्हणून पाणी सांडत नाही, आणि मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला पुढे ओढून घेतो, सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, पडते आणि पाणी आपोआप पाटाला लागतं. माणसाला मोटेला हातसुद्धा लावावा लागत नाही. मी दोर एकच काढला होता, म्हणजे माझ्या चित्रातलं पाणी खरंच कधी थारोळ्यात पडलं नसतं.

मी परत चित्र काढलं. या वेळी दोन दोर, कणा, थारोळं, धाव, सगळ्याची नावं पेनाने बाजूला लिहिली. आणि टाकताना दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टाकली, पहिलं चुकलेलं आणि दुसरं बरोबर, खाली लिहिलं की हे मला कुणी शिकवलं आणि अजून काही राहिलं असेल तर सांगा.

बघणारे ठोसेघरच्या मानाने अगदी थोडे, चारएक हजार. पण त्यातल्या 31 जणांनी लिहिलं, आणि नुसता लाइकचा अंगठा देऊन गेले नाहीत, लिहिलं. कुणाचे वडील मोटकरी होते. कुणी माथाडीत मुंबईला गेलेल्या सातारकरांच्या घरातलं, आता कोपरखैरणेत, गावची विहीर बुजवलीय त्याचं सांगत होतं. एका बाईंनी मोटेवरच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून पाठवल्या, आवाज थरथरत होता. आणि त्या 31 मधल्या नऊ जणांनी पुढच्या वर्षभरात माझ्याकडून काही ना काही घेतलं. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण मोट माहीत होती. आपण अनोळखी असलो तरी आपण काढतो ती जागा कुणाच्या तरी ओळखीची असते, आणि माणूस आधी त्या जागेसाठी येतो, मग कधीतरी वर बघतो की काढलंय कुणी.

म्हणून मी आता आधी विचारते. साताऱ्याजवळच्या माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम काढायचा म्हटलं की चित्र पूर्ण व्हायच्या आधी कच्ची रेघ टाकते आणि विचारते की या पायऱ्यांवर तुमच्या घरचं काय काय झालंय. वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाचं केलं तेव्हा तिथल्या मोठ्या घंटेबद्दल, ती वसईहून आलेली आहे, पोर्तुगीजांवरच्या विजयानंतर, एवढं मी लिहिलं होतं, बाकी सगळं वाईच्या लोकांनी लिहिलं आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिलं. प्रत्येकाला मी उत्तर देते. रोज अर्धा तास, रात्री भांडी झाल्यावर. "थँक्यू" एवढंच लिहून मी पुढे जात नाही, त्यांनी जे सांगितलं त्यातलंच पुढचं काहीतरी विचारते. मुलं म्हणतात, ताई एवढा वेळ कुठून आणायचा, तर मी म्हणते रोज एक नवीन पोस्ट टाकायचा हट्ट सोड, आठवड्याला एकच टाक, तो वेळ इथे दे.

आता वहीबद्दल. हे कुणी विचारत नाही पण मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

एका दिवाळीच्या तोंडावर माझं अकाउंट बंद पडलं. कुठल्या अ‍ॅपवरचं ते सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. लॉगिन होईना, कळवलं तर मशीनचं उत्तर यायचं, तीन आठवडे हे चाललं, आणि पोस्टकार्डांचे 200 सेट छापून घरात पडलेले. तेव्हा कळलं की चार हजार लोक माझे आहेत असं मी म्हणत होते पण त्यातल्या एकाचाही नंबर माझ्याकडे नाही. म्हणजे होते थोडे, ज्यांना पार्सल पाठवलं होतं त्यांचे, कारण पत्ते मी जुन्या सवयीने पतसंस्थेच्या डायरीत लिहून ठेवायचे. त्या डायरीतून 70 नंबर निघाले. एकेकाला मेसेज केला. 200 मधले 160 सेट दिवाळीआधी गेले.

तेव्हापासून वही हीच माझी खरी संपत्ती. नाव, गाव, मूळ गाव, काय घेतलं, काय बोलणं झालं. कोपरखैरणेच्या दादांचं मूळ गाव पाटणकडचं, त्यांना कोयनेचं काही केलं की कळवायचं, असं लिहिलेलं असतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम पण वेगवेगळा जातो. ती वापरणार असाल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. एका लिस्टमध्ये 256 च माणसं बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तुमचा मेसेज पोचतो, नाहीतर तुम्ही पाठवत राहता आणि त्याला काहीच दिसत नाही. मला हे सहा महिन्यांनी कळलं. आता प्रत्येक प्रिंटच्या मागे मी हाताने लिहिते, नंबर सेव्ह करा, महिन्यातून एकदाच मेसेज करीन. आणि खरंच एकदाच करते. ग्रुप केला नाही कारण ग्रुपमध्ये गुड मॉर्निंग सुरू होतं आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो, बायकांना ते नको असतं आणि बरोबरच आहे.

प्रिंट काढाव्यात का, हेही बरेच विचारतात, विशेषतः कॉलेजमधली मुलं, कारण त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की प्रिंट काढली की ओरिजिनलची किंमत जाते. मी एवढंच सांगते की एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. श्री भवानी संग्रहालय, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभं केलेलं, राजा स्वतः चित्रकार होता. इंटरमिजिएटच्या वर्षी सर आम्हाला एसटीने घेऊन गेले होते. तिथे रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, तैलरंगातली, त्यांच्यासमोरून पाय हलत नाही. आणि हाच रविवर्मा, त्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, आणि त्याची लक्ष्मी, सरस्वती घराघरातल्या भिंतीवर, देव्हाऱ्यात जाऊन बसली. छापली म्हणून औंधच्या चित्रांची किंमत कुठे गेली? माझी ए-फोर प्रिंट 600 रुपयांना आहे, पोस्टकार्डांचा पाचचा सेट 150 ला. ओरिजिनल घेणारे जे आहेत त्यातले जवळपास सगळे आधी पोस्टकार्ड घेऊन गेलेले आहेत. आधी 150 रुपयांचा विश्वास बसतो, मग पुढचं.

फोटोचं थोडक्यात सांगते. ट्यूबलाइटखाली चित्राचा फोटो काढू नका, कागद पिवळा नाहीतर निळा येतो. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा ठिकाणी, चित्र सपाट ठेवून फोन त्याला अगदी समांतर धरा. कोपऱ्यात बोट किंवा पेन राहू द्या म्हणजे चित्र केवढं आहे ते कळतं. साइज, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), किंमत, हे तिथेच लिहा. "किंमत डीएम करा", म्हणजे खासगी मेसेज करून विचारा, असं लिहिलं की मध्यमवर्गीय माणूस विचारतच नाही, त्याला वाटतं आपल्याला परवडणार नसेल आणि विचारून नाही म्हणणं बरं दिसत नाही. मीही अशीच आहे, साडीच्या दुकानात किंमत लावलेली नसेल तर पुढे जाते.

पार्सल जाड पुठ्ठ्यात, चित्रावर बटर पेपर, त्यावर प्लास्टिक. पावसाळ्यात प्लास्टिक दोनदा. एकदा एक चित्र भिजून पोचलं, मी पैसे परत केले आणि तेच चित्र परत काढून पाठवलं. ते घर आजही दर दिवाळीला 10 सेट मागवतं.

फॉलोअर्स विकत घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. ती माणसं नसतातच, आणि तुमची पोस्ट पहिल्यांदा त्यांनाच दाखवली गेली तर खऱ्या माणसापर्यंत ती पोचायचीच मारामार. आणि दुसऱ्याच्या पोस्टखाली जाऊन "माझं पेज बघा" लिहू नका. त्याऐवजी त्याच्या चित्राबद्दल खरं काहीतरी लिहा. मला माझे तीन सगळ्यात जवळचे चित्रकार मित्र असेच मिळाले, एक मिरजेचा, एक फलटणचा, एक कराडची. एकमेकांची चित्रं आम्ही आपापल्या लोकांना दाखवतो, आणि त्यात कुणाचं काही कमी झालेलं नाही.

सांगलीच्या त्या मुलीला मी विचारलं की तू काढतेस काय. तर ती परदेशातल्या कॅफेंची चित्रं काढते, फोटो बघून. छान काढते, रेघ फार सुंदर आहे. म्हटलं तुझ्या घराजवळ काय आहे. म्हणाली काही नाही ताई, आयर्विन पूल. मी म्हटलं अगं, 2005 च्या, 2019 च्या पुरात सगळी सांगली त्या पुलाजवळची पाण्याची पातळी विचारत होती, आजही पावसाळ्यात परगावी गेलेला प्रत्येक सांगलीकर रात्री झोपताना आयर्विनला किती फूट झालं ते बघतो, आणि तू म्हणतेस काही नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण अजून भिंतीवर आहे, ती काढू का.

किती दिवस लागतील, हा शेवटचा प्रश्न. मला पहिली 256 ची लिस्ट भरायला साडेचार वर्षं लागली. दुसरी मागच्या महिन्यात सुरू केली, सध्या तिच्यात 19 जण आहेत, आणि एकोणिसावा नंबर त्या मुलीचा आहे.