सावंतवाडी ते जुने गोवे, आगमनकाळात पायी

२०२५ साली आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आला आणि त्याच दिवशी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर आमचा ग्रुप सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत निघाला, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला. आल्तारावर जांभळं कापड, आगमनकाळाच्या मेणबत्त्यांच्या चक्रावर पहिली मेणबत्ती पेटलेली, आणि फादर सांगत होते की हे वाट बघायचे दिवस आहेत. मला ते ऐकवत नव्हतं. गणपतीच्या आठवड्यात माझं पोटातलं पाचव्या महिन्यातलं बाळ गेलं. जानेवारीतली तारीख होती, म्हणजे या आगमनकाळात मी पोट सांभाळत बसलेली असणार होते आणि त्याऐवजी पायात स्पोर्ट्स शूज घालून हायवेला लागले होते. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, नवरा सोबत होता, तरी सासूबाईंना काळजी. त्यांनी आदल्या रात्री माझ्या बॅगेत ओआरएसची पाकिटं कोंबून ठेवली, बोलल्या काहीच नाहीत.

पहिला दिवस नुसता पायांचा. इन्सुली, बांदा, पत्रादेवी, मग गोव्याची हद्द. ऊन नोव्हेंबरातलं असलं तरी डांबरावरून वर येतं ते वेगळंच. आमच्यात कॉलेजची पोरं होती, त्यांच्याकडे स्पीकर, त्यावर कोकणी-मराठी गायनं चालू, आणि रस्त्याकडेच्या एका घरातल्या हिंदू बायकांनी आम्हा सगळ्यांना लिंबूपाणी दिलं, पाया पण पडल्या आमच्या, कारण आम्ही सायबाकडे चाललेलो. मी त्या बाईच्या हाताला धरून नुसती उभी राहिले, काय बोलू सुचेना.

सोमवारी जपमाळेची आनंदाची रहस्ये असतात, म्हणजे माळ म्हणताना येशूच्या जन्माचे आणि बालपणाचे प्रसंग आठवायचे. मला हे माहीत होतं आणि मी सकाळपासून त्याचीच धास्ती घेऊन होते. पेडणे सोडून धारगळच्या पुढे माळ सुरू झाली. पहिलं रहस्य, देवदूत मरियेला निरोप देतो. दुसरं, मरिया अलिशिबेला भेटायला डोंगराळ भागात जाते. आता ही बाई चालत गेली की कशी गेली ते बायबलमध्ये लूकने लिहिलेलं नाही, पण घाईने गेली एवढं लिहिलंय, आणि दोघींच्या पोटात बाळं, आणि अलिशिबेचं बाळ आनंदाने उसळलं. तिथे माझा आवाज बंदच झाला. पुढे चालतेय, ओठ हलतायत, आवाज नाही, डोळ्यांतून धारा. कोणी थांबलं नाही, कोणी काय झालं विचारलं नाही, माझ्या बाजूच्या आंटीने फक्त माझी माळ माझ्या हातातून घेतली आणि माझ्या वाटणीचं पण तीच म्हणायला लागली. दहा मणी संपले तेव्हा एवढंच बोलली, 'बस गो बाय वायच, पाणी पी.' मी बसले नाही, पाणी पिऊन तशीच चालत राहिले, आणि कोलवाळच्या पुलावर वारा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतेय आणि मला आनंद पण होतोय. दुःख कमी झालं म्हणून नव्हे, ते होतं तेवढंच होतं. पण ज्याची वाट बघायची तो माझ्या बाळासकट मला ओळखतो हे मला त्या पुलावर अगदी पक्कं वाटलं, आणि अजून वाटतंय.

रात्री म्हापशाला मुक्काम. जेवणं झाल्यावर आमचे फादर संत झेवियरबद्दल बोलले. मी लहानपणापासून सायबाला बघत आलेय पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. १५४६-४७ च्या सुमाराला झेवियर आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का भागात, मोरो बेटांवर होते, ज्वालामुखी, भूकंप, विषप्रयोगाची भीती, खायला धड नाही. नंतर जानेवारी १५४८ मध्ये कोचीहून पत्र लिहिलं तर त्यात त्यांनी त्या बेटांना देवावरच्या आशेची बेटं म्हटलंय, आणि लिहिलंय की तिथे सांत्वनाचे अश्रू इतके येतात की थोड्या वर्षांत माणसाची नजर जाईल. दिवसभर जे माझ्या डोळ्यांतून चाललं होतं ते या माणसाला पावणेपाचशे वर्षांपूर्वी माहीत होतं! आणि मरण कसं आलं त्यांना, तर चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर, एक व्यापारी गुपचूप पलीकडे नेणार होता त्याची वाट बघत. तो आलाच नाही. ३ डिसेंबर १५५२. वय ४६. म्हणजे ज्याच्या फेस्ताला आम्ही चाललोय तो स्वतः वाट बघताबघता गेला, आणि तरी त्याच्या पत्रांत आनंदच आनंद. मला रात्रभर झोप नाही लागली, पण ती वाईट झोपमोड नव्हती.

मंगळवारी पहाटे निघालो. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामाची धूळ नाकातोंडात, मग मांडवी पूल, मग पणजीहून रायबंदरचा तो जुना बांध, १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला, सरळच्या सरळ, संपता संपत नाही. नवऱ्याच्या टाचेला फोड, मी त्याची बॅग घेतली. बाळ गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना जपून जपून बोलायचो, त्या बांधावर मात्र खूप बोललो, बाळाचं काय नाव ठेवणार होतो तेही पहिल्यांदा.

सायबाचं शव ठेवलेल्या बॅसिलिकेच्या आवारात नोव्हेनाचा, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, शेवटचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही, जांभ्या दगडाच्या त्या भिंतीसमोर आम्ही घामेजलेले, धुळकटलेले उभे. मी काही मागितलं नाही. बाळाचं नाव सांगितलं सायबाला, आणि थँक्यू म्हटलं.

आता १४ डिसेंबरला आगमनकाळाचा तिसरा रविवार, गुलाबी मेणबत्तीचा, आनंद करा म्हणणारा. मिस्सेतलं पहिलं वाचन बायबलमधला यशया ३५, लटपटणारे गुडघे बळकट करा असं त्यात येतं. वाचायला कोण उभं राहणार विचारलं तेव्हा मी हात वर केला. आंटी पहिल्या बाकावर बसणार आहे, आवाज बंद पडला तर पुढचं ती वाचेल म्हणाली.