पाण्याच्या कलमावर गंधक

रत्नागिरीजवळच्या एका हापूसच्या बागेत आम्ही भुरीवरची, म्हणजे मोहोरावर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीच्या रोगावरची, बुरशीनाशकं तपासत होतो. करपा या आंब्याच्या दुसऱ्या रोगाची बुरशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवता येते, माध्यमातच औषध मिसळून तिची वाढ किती रोखली ते मोजता येतं. भुरीला ही सोय नाही. ती जिवंत पेशींवरच जगते, त्यामुळे चाचणी मोहोरलेल्या कलमांवरच घ्यावी लागते. काही कलमांना 10 लिटर पाण्यात 5 मिली हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक, काहींना पाण्यात मिसळणारं गंधक 20 ग्रॅम, आणि प्रत्येक गटात एक कलम नुसत्या पाण्याचं.

नोंदीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. गार रात्र आणि दमट सकाळ भुरीला मानवते. पाण्याच्या कलमांचे तुरे पांढऱ्या भुकटीने माखले होते, मिरीएवढी फळं हात लागताच गळत होती. चारी दिशांच्या खुणेच्या तुऱ्यांना मी रोग किती त्यावरून 0 ते 5 असे गुण देत चालले होते. एका गटात मात्र पाण्याचं कलम शेजारच्या गंधकाच्या कलमाइतकंच स्वच्छ दिसलं.

शेजारचं औषध वाऱ्याने उडालं असेल म्हणावं, तर ते एकाच बाजूला दिसलं असतं. इथे चारी बाजूंच्या पानांवर वाळलेल्या थेंबांचे पिवळट डाग होते. पान चोळून नाकाशी धरलं. गंधकच.

बागेचे मालक मागेच उभे होते. "मीच मारलं, ताई. डोळ्यांदेखत मोहोर जळत असताना नुसतं पाणी मारू कसा? तुमची चाचणी होते, आमचं वर्ष जातं."

मला राग आला नाही. पाण्याचं कलम नसेल तर औषधाने रोग रोखला की यंदा तो मुळातच कमी होता, हे कळायला मार्गच उरत नाही. ते कलम लागतंच. पण त्याचा तोटा एकट्या बागायतदाराने का सोसायचा? चाचणीच्या खर्चात बी, मजुरी, औषध सगळं धरतात, बुडणारा आंबा कुणी धरत नाही.

मी त्या कलमाची नोंद रद्द केली, त्याचं कारण वहीत लिहिलं आणि काकांची सही घेतली. बाकीच्या गटांत पाण्याची कलमं शाबूत होती, म्हणून तुलना वाचली. पुढच्या हंगामाच्या प्रस्तावात पाण्याच्या प्रत्येक कलमामागे आंब्याची भरपाई हा खर्च मी वेगळा दाखवला.