फाटकापासून 50 मीटर

आमची गाडी शाळेत शिरली की गुरुजी बारीक पोरं पुढं काढतात. ‘मॅडम, याला बघा, अंगाला काही लागतच नाही.’ गुबगुबीत पोराला कुणी पुढं आणत नाही. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदाच. 2013 साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा 30 आजारांची यादी ठरली. तिच्यात तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. उंची-वजन सगळ्यांचंच होतं, त्यामुळं जाड मूल कागदावर दिसतं. पण कुपोषित मुलाला पुढं कुठं न्यायचं हे ठरलेलं असतं, याच्यासाठी तसं काहीच ठरलेलं नाही.

वजन घेणं दिसतं तेवढं सोपं नाही. शहाबादी फरशीवर काटा तिरका बसला की आकडा हलतो, म्हणून आमची नर्स आधी वर्गभर फिरून सपाट जागा शोधते. आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा नाही, यावर मी अडून बसते. गुरुजी उत्साहानं ‘त्रेपन्न!’ म्हणून ओरडतात, वर्ग हसतो, आणि पुढच्या वर्षी ते मूल तपासणीच्या दिवशी नेमकं गैरहजर असतं.

आता ज्याची गोष्ट सांगतेय तो मुलगा सहावीतला. शाळा जिल्हा परिषदेची, साखर कारखान्याच्या रस्त्यावरची. उंची 142 सेंटिमीटर, वजन 53 किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, 26 च्या वर. मोठ्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही. पण मुलांचा हिशेब वेगळा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या तक्त्यात दोन रेषा आहेत, खालची जास्त वजनाची आणि वरची लठ्ठपणाची, मोठेपणी 23 आणि 27 बीएमआयला जाऊन मिळणाऱ्या. अकरा वर्षांच्या मुलाला त्या बऱ्याच खाली लागतात. हा वरच्या रेषेच्याही कितीतरी वर होता.

कॉलर बाजूला केली तर मानेवर काळा, मखमलीसारखा जाड पट्टा. त्यावर ताजे ओरखडे. ‘आई वजरीनं घासती,’ तो म्हणाला. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कातडी अशी काळवंडते. घासून जात नाही, वजन उतरलं की हळूहळू फिकी पडते. साखर तपासण्यासाठी मी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली आणि आईला बोलावून घ्या म्हटलं. मुख्याध्यापकांनी खिडकीतून हाक मारली. आई फाटकासमोरच होती. टपरी तिचीच.

टपरीवर नमकीनच्या पुड्यांच्या माळा, बर्फाच्या पेटीत रंगीत पेप्सीच्या नळ्या, कढईत वडे. शाळा सुटली की पोरगा अंधार पडेपर्यंत तिथंच. बाप ट्रकवर, घरी दुसरं कुणी नाही. मैदानावर गेल्या पावसाळ्यापासून बांधकामाची खडी पडलेली. तो पळणार कुठं?

मुख्याध्यापक माणूस कळकळीचा. त्यांनी त्याच दुपारी शाळा व्यवस्थापन समिती बसवली आणि नियम वाचून दाखवला: अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा, शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. शाळेच्या उपाहारगृहांत जंक फूड नको, असा राज्याचा शासननिर्णय तर 2017 चाच आहे. मैदान आखायची टेप आणून अंतर मोजलं. टपरी 14 मीटरवर. एक सदस्य म्हणाले, ‘हलवा टपरी, विषय संपला.’

नियम चांगलाच आहे, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण टेप आणखी ओढली असती तर पन्नाशीच्या थोडं पुढं किराणा दुकान लागलं असतं, त्याच माळा लटकवलेलं. ते त्या सदस्याच्या भावाचं. हे मी बैठकीत बोलून दाखवलं. कुणाला आवडलं नाही.

टपरीवाल्या ताईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, मला एकच विचारलं. ‘मॅडम, मग विकू काय?’ मी शेंगा, फुटाणे, पेरू म्हणाले. त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. बारा पुड्यांची माळ पन्नासला पडते, साठला जाते. पुडी नासत नाही. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर दारात येतो, माल उधारीवर टाकतो. पेरू रोख आणायचा, दोन दिवसांत मऊ पडतो. ‘आणि आता तर पुडीत माल पण जास्त येतो.’ तेही खरं असणार. सप्टेंबर 2025 मध्ये नमकीन आणि बिस्किटांवरचा जीएसटी कमी करून 5 टक्क्यांवर आणला. गोड शीतपेयांवर 40 टक्के ठेवला, ते योग्यच केलं. मग पुडीला का सोडलं? एका हातानं पुडी स्वस्त करायची आणि दुसऱ्या हातात टेप देऊन मला एकटीनं संसार ओढणाऱ्या बाईसमोर उभं करायचं, याचा मला राग येतो.

शेवटी ठराव झाला तो असा: महिनाभराची मुदत, टपरीवर पुड्या आणि पेप्सी बंद, भाजलेल्या शेंगा आणि उकडलेले हरभरे बचत गट पुरवणार, पैसे विकल्यावर द्यायचे. किराणा दुकानालाही तेच पत्र. खडी ग्रामपंचायतीनं उचलायची. माळेवाल्याला जी उधारी परवडते ती बचत गटाला किती दिवस परवडेल, हे मला अजून कळत नाही.

मुलाचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर नॉर्मल. ऑनलाइन नोंदीत ‘नॉर्मल’ भरलं की केस बंद होते. पण मान काळी आहे, वजन तेवढंच आहे, आणि याच वयात हात घातला तर साखर वाढण्याची वेळ पुढं ढकलता येते किंवा टाळता येते. शाळेचा माझा दौरा आता थेट पुढच्या वर्षी. मधे जायचं तर वेगळी मंजुरी लागते. अर्ज दिलाय, कारणाच्या रकान्यात वजन आणि मान असं दोन्ही लिहिलंय. ताईंना फोन केला होता. बाजाराच्या दिवशी शेंगा संपतात म्हणाल्या, इतर दिवशी उरतात. वजरी मात्र त्यांनी बंद केली आहे.