डीबग लावला आणि सर्व्हर बसला

महिनाअखेरची हप्तेवसुली चालू असताना महाप्याच्या आमच्या ऑफिसात क्लायंटचा फोन आला, सर्व्हर हलतच नाहीये. नवीन काही चढवलं नव्हतं. एका कर्जाचं व्याज चुकतंय म्हणून सपोर्टने दुपारी लॉगची (प्रोग्राम चालताना लिहितो त्या नोंदींची) पातळी इन्फोवरून डीबगवर, म्हणजे जास्त बारीक तपशिलावर, नेली होती, एवढंच. लॉगमुळे सर्व्हर बसेल हे आमच्या मॅनेजरलाही पटेना.

जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेड डंप काढला, म्हणजे त्या क्षणी कुठला थ्रेड काय करतोय त्याची नोंद; थोड्या वेळाने पुन्हा काढला. बहुतेक थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत उभे. स्टॅक (कुणी कुणाला हाक मारली त्याची यादी) खाली वाचत गेलं की दरवेळी तेच नाव: कर्जाच्या एन्टिटीचं (डेटाबेसमधलं कर्ज कोडमध्ये धरणाऱ्या क्लासचं) टूस्ट्रिंग, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर करून देणारी मेथड.

ते कुणी हाताने लिहिलेलं नव्हतं. लाँबॉक या कोड लिहून देणाऱ्या लायब्ररीचं 'डेटा' ॲनोटेशन (क्लासवरची खूण) लावलं की ती सगळी फील्डं घालून टूस्ट्रिंग बनवून देतो. त्यात हप्त्यांची लेझी, म्हणजे मागितल्यावरच डेटाबेसमधून येणारी, यादीही आली. कर्ज लॉगमध्ये छापायचं म्हटलं की डेटाबेसशी बोलणारं हायबरनेट हप्ते आणायला धावणार, म्हणजे कर्जागणिक एक क्वेरी. हप्त्याकडून कर्जाकडे जाणारा उलटा दुवा कुणीतरी शहाण्याने वगळला होता, नाहीतर दोघं एकमेकांना छापत बसले असते आणि स्टॅकओव्हरफ्लो झाला असता, म्हणजे हाकांवर हाका साचून त्यांची जागाच संपली असती. इतके दिवस हे दबून राहिलं, कारण लॉगच्या ओळीत महिरपी कंसांची जोडी होती; तिथला मजकूर ओळ खरंच लिहायची असेल तेव्हाच भरला जातो. पातळी बंद असेल तर टूस्ट्रिंगला हाकच जात नाही.

आधी पातळी इन्फोवर आणली. सर्व्हर सुटला. मग टूस्ट्रिंग हाताने लिहिलं: कर्ज क्रमांक आणि स्थिती, बस. ग्राहकाचं नाव नको, पॅन तर अजिबात नको. लॉग कोण कोण वाचतं ते आपल्याला कुठे माहीत असतं? टूस्ट्रिंगने हातात आहे तेवढंच सांगावं, कुणाकडे मागायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या मुलाने विचारलं, "मॅडम, सेशन बीनमध्येही असंच लिहू का?" सेशन बीन म्हणजे कामाचा कोड असलेला, सर्व्हरचा कंटेनर सांभाळतो तो क्लास.

"लिही, पण भरवसा ठेवू नकोस. तुझ्या हातात येतो तो कंटेनरचा प्रॉक्सी, मधला प्रतिनिधी. तो तुझ्या बीनपर्यंत हाक नेईलच असं नाही, स्वतःचंच काहीतरी छापेल. शिवाय स्टेटलेस बीन, म्हणजे कुणा एकाचं काही लक्षात न ठेवणारा, पूलमधला, म्हणजे सामायिक साठ्यातला; आत्ता एकाचा, मग दुसऱ्याचा. त्यात छापण्यासारखं असतं काय? कंटेनरने आत पुरवलेल्या (इंजेक्ट केलेल्या) डेटासोर्सला, जो डेटाबेसची जोडणी देतो, त्याला तर तिथून हात लावूच नकोस."

व्याजाची चूक मात्र डीबगमध्ये दिसलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी एका साध्या एसक्यूएल क्वेरीत सापडली.