मार्च एंडचा साबण

साबणाचं प्रशिक्षण द्यायला बोलावणं येतं तेव्हा महिना बहुतेक मार्च असतो. योजनेचे पैसे 31 तारखेच्या आत संपवायचे असतात आणि शिवणकाम, अगरबत्ती, मसाले आधीच्या वर्षांत होऊन गेलेले असतात. मग कुणाला तरी साबण सुचतो. यंदा मला त्र्यंबक-मोखाडा रस्त्याने जव्हारच्या पुढच्या एका गावात बोलावलं. खातं कुठलं, योजना कुठली, ते सांगत नाही. त्यांनाही ते पुरतं माहीत असेल असं वाटलं नाही.

माझा नाशिकमध्ये घरच्या घरी साबण बनवण्याचा छोटा धंदा आहे. कोल्ड प्रोसेसचा साबण, म्हणजे तेलं न शिजवता त्यात कॉस्टिकचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं, पाणी घालून घोटायचं, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी कापायचं आणि चार ते सहा आठवडे फळीवर वाळत ठेवायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की घोटणं हे काम. घोटणं दहा मिनिटांचं असतं. खरं काम वजनाचं आणि वाट बघण्याचं.

समन्वयकाला आठवडाभर आधी यादी पाठवली होती: स्टीलची पातेली, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, हातमोजे, चष्मे, बादलीभर स्वच्छ पाणी, हवा खेळेल अशी जागा. समाजमंदिरात पोचले तर टेबलावर नवीकोरी जर्मनची पातेली रचून ठेवलेली. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियमला कॉस्टिक लागलं की भांडं खाल्लं जातं, काळं पडतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक हार्डवेअरच्या दुकानातून पातळ पिशवीत आणलेलं, दमटून त्याचे गठ्ठे झालेले. असं हवा लागलेलं कॉस्टिक काट्यावर पूर्ण वजन दाखवतं आणि साबणात कमी पडतं, कारण त्यातलं थोडं पाणी असतं आणि थोडा धुण्याचा सोडा झालेला असतो. चष्मे आणले होते, ते उन्हाचे. भाजलं तर असू द्या म्हणून व्हिनेगरची बाटलीही होती; तसं व्हिडिओत सांगतात. कॉस्टिक अंगावर पडलं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायचं, दुसरं काहीही नाही. माझं सगळं सामान मी गाडीत टाकून नेतेच, त्यामुळे काम अडलं नाही.

समन्वयक तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. सगळ्या बायांना नावानं ओळखत होता, आणि ते सगळ्यांना जमत नाही. पण आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, चार वाजता मोठे साहेब येणार आहेत. बायकांच्या हातात तयार साबण दिसला पाहिजे."

मी म्हटलं, आज ओतलेला साबण हातात घ्यायला उद्या उजाडेल आणि अंगाला लावायला मे उजाडेल.

"मग तुमच्याकडचे तयार आणले असते ना?"

बाया तीसेक आल्या होत्या, काही लेकरं घेऊन. लेकरं बाहेर पाठवा म्हटलं की ती जातात आणि पाच मिनिटांत परत येतात. पाणी मोजलं, कॉस्टिक मोजलं आणि नेहमीचं सांगायला सुरुवात केली: कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. थंड पाणी बघता बघता 80 अंशांच्या पुढे जातं, वाफ नाकात गेली तर ठसका बसतो, म्हणून दाराशी उभं राहून ढवळायचं. हे सांगत असताना चारेक वर्षांची एक मुलगी टेबलाच्या कडेशी आली आणि काट्यावरच्या वाटीकडे हात नेत म्हणाली, "साखर."

मी वाटी उचलली आणि तिच्या आजीनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. काही झालं नाही. पण त्या वाटीत माझं स्वच्छ, पांढरं, दाणेदार, 98 टक्क्यांचं चांगलं कॉस्टिक होतं. हार्डवेअरवाल्याचे ते मळकट गठ्ठे असते तर तिला साखर वाटली नसती.

सकाळचा घाणा माझ्या ठरलेल्या मापाचा: खोबरेल, राइस ब्रॅन, एरंडेल. ट्रेस, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव होऊन घट्ट व्हायला लागल्याची खूण, कसा ओळखायचा ते दाखवलं. मिश्रणाची धार वरून सोडली की तिची रेघ क्षणभर वर तरंगली पाहिजे. साचा भरला आणि पोत्यात गुंडाळून ठेवला. बायांना मजा आली, पण प्रश्न कुणी विचारला नाही. जेवणाची सुट्टी झाल्यावर मघाची ती आजी पाच लिटरचा कॅन घेऊन आली.

"ताई, आमचं मोहट्याचं तेल हाय. याचा साबण व्हतो का?"

मी इतकी वर्षं साबण करते, पण मोहाच्या तेलाला हात लावला नव्हता. नाशिकच्या प्रदर्शनात ते खपणार नाही. वास उग्र असतो. त्या आजीचं, मी तिला मावशीच म्हणते, तेल गेल्या पावसाळ्यातलं होतं. मोहाची फळं जून-जुलैत पडतात, बिया, म्हणजे मोहट्या, फोडून वाळवायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायचं. त्यातच त्यांचं तळण व्हायचं, आणि पेंडीनं पूर्वी डोकं धुवायचो असं ती म्हणाली. त्यात नवल नाही, मोहाच्या पेंडीत सॅपोनिन असतं, ते पाण्यात फेसाळतं.

खरं तर हा प्रश्न मला पहिल्याच फोनवर सुचायला हरकत नव्हती, आणि योजना आखणाऱ्याला त्याच्याही आधी. ज्या गावात मोह पडतो तिथे साबण शिकवायला आम्ही खोबरेल नाशिकच्या बाजारातून नेतो. ही कल्पना नवीनही नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं कडुनिंब, करंज, मोह अशा तेलांच्या साबणाचा उद्योग कित्येक दशकांपूर्वीच आपल्या यादीत घेतला होता. मधल्या काळात ते कुठल्या फायलीत गेलं कोण जाणे. प्रशिक्षणाच्या छापील पुस्तिकेत मात्र पहिलीच कृती "रोझ ग्लिसरीन सोप"ची होती.

तर, हिशेब. कुठल्या तेलाला किती कॉस्टिक लागतं याचे तक्ते असतात. मोहाच्या तेलाचा साबणांक पुस्तकात 187 ते 197 दिलेला असतो, म्हणजे एका ग्रॅम तेलाला इतके मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश. आपण पोटॅश नाही, कॉस्टिक सोडा वापरतो, म्हणून त्याला 1.403 नं भागायचं. मी 190 धरला. 600 ग्रॅम मोह, फेसासाठी 300 ग्रॅम खोबरेल, 100 ग्रॅम एरंडेल. पूर्ण साबण व्हायला 149 ग्रॅम कॉस्टिक लागलं असतं. एरवी मी पाच टक्के कमी घालते, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि कॉस्टिक शिल्लक राहायची भीती नसते. अनोळखी तेल म्हणून आठ टक्के कमी केलं: 137. मावशी शेजारी उभी राहून काट्यावरचे आकडे बघत होती. वाचता येत नाही म्हणाली, पण आकडे येत होते, बाजारामुळे.

तेवढ्यात वीज गेली. ब्लेंडर बंद. मावशीनं नातीला घरी पिटाळून रवी मागवली, लाकडाची. मी कॉस्टिकचं पाणी ओतायला घेतलं आणि ती घुसळायला लागली. साध्या तेलात रवीनं ट्रेस यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. इथे दोन मिनिटांत रवी फिरेना. आठ महिने कॅनमध्ये राहिलेल्या तेलात फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे तेलातून सुटं झालेलं आम्ल, वाढलेलं असतं, आणि ते कॉस्टिकला भेटताक्षणी साबण होतं, बाकीच्या तेलासाठी थांबत नाही. पातेल्यात ओलसर उपिटासारखा गोळा झाला. मी साचा पुढे केला तर मावशीनं हातमोजे घातलेल्या हातांनी तो गोळा दाबून दाबून भरला, कोपरे अंगठ्यानं चेपले, वरून पाटा ठेवावा तसं झाकण दाबलं. दहा मिनिटांनी साचा बाहेरून हाताला चटका देत होता. तीसच्या तीस बाया आता टेबलाभोवती. सकाळी माझ्या गुळगुळीत साबणाला जे जमलं नाही ते या बिघडलेल्या घाण्यानं केलं. मला सराव नसलेली गोष्ट समोर घडत होती आणि मी बोलत कमी होते, हेही कारण असेल.

पाच वाजता तो कापता आला. तपकिरी, खडबडीत, मधे मधे पांढरट ठिपके. समन्वयक धावत आला, "झाला की मॅडम! साहेबांना देऊ." मी तुकड्यावर ओलं बोट फिरवून जिभेच्या टोकाला लावलं. झटका बसला. आमच्या धंद्यात ही जुनी परीक्षा आहे: कॉस्टिक शिल्लक असेल तर जीभ सांगते. म्हटलं, आज कुणाच्याही हातात द्यायचा नाही, साहेबांच्या तर नाहीच.

तो नाराज झाला नाही. गाडीतून खोका काढून आणला. त्यात गुलाबाच्या आकाराचे, हिरवे-गुलाबी, आरपार दिसणारे साबण. सोप बेसचे. बेस म्हणजे कारखान्यात तयार झालेला साबणच. तो वितळवायचा, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायचा, तासाभरात तयार. बेसही कॉस्टिकनंच झालेला असतो, फक्त ते काम दुसऱ्यानं दुसरीकडे केलेलं असतं. खोक्यावर लेबल: "केमिकल-फ्री". नाशिकच्या प्रदर्शनात माझ्या शेजारच्या टेबलावर हेच लेबल असतं. गिऱ्हाईक मला विचारतं, यात केमिकल नाही ना? मी सांगते, कॉस्टिकशिवाय साबण होत नाही, नीट मुरलेल्या साबणात ते उरत नाही. अर्ध्या बाया वडी खाली ठेवून शेजारी जातात. लोकांना खरं हवं असतं म्हणतात, त्यांनी एक दिवस माझ्या टेबलामागे बसावं.

साहेब साडेपाचनंतर आले. बॅनर लागला, बायांच्या हातात एकेक गुलाब दिला, फोटो झाले. मावशी आपला ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळून मागे उभी होती. साहेबांनी विचारलं, हे काय? तिनं सांगितलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "औषधी वाटतो." मग मला म्हणाले, मॅडम, याला जरा सेंट टाकता येईल का? लेबलाचा विषय निघाला, पॅकिंगचा निघाला, ऑनलाइन विक्रीचाही. कायद्यानं साबण हे कॉस्मेटिक आहे, विकायला बनवायचा तर 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, त्यासाठी जागा, माणूस, तपासणी सगळं दाखवावं लागतं, हा विषय मी काढला. तेव्हा चहा आला.

अर्धा ठोकळा मी घरी आणला. तिसऱ्या दिवशी जिभेची परीक्षा पास. सहा आठवड्यांनी दगडासारखा कडक, फेस कमी पण दाट, बोअरच्या पाण्यातही धुतला जातो, हात कोरडे पडत नाहीत. वास गेला नाही. मी तो अंघोळीला वापरते, घरातली बाकीची मंडळी वापरत नाहीत.

मधे समन्वयकाचा फोन आला. बायांनीच बेसचं प्रशिक्षण मागितलंय म्हणाला. कॉस्टिकची भीती वाटते, घरात लेकरं असतात, आणि तासाभरात माल तयार होतो. मला राग येणार होता, पण तो वाटीकडे गेलेला हात मीही बघितला होता. मातीच्या घरात, कुलूप नसलेल्या कपाटात कॉस्टिकपेक्षा बेस बरा, हे कोणी सरळ विचारलं तर मला नाही म्हणता येणार नाही. फक्त मग बेस बाहेरून येणार, रंग बाहेरून, सेंट बाहेरून, साचाही बाहेरचा. मोहट्या व्यापारी घेऊन जाणार, पूर्वीसारख्याच. मी त्याला म्हटलं, शिकवते, पण लेबलावर केमिकल-फ्री नको. तो म्हणाला, लेबलं छापून झालीत, पाच हजार.

आणि गेल्या आठवड्यात मावशीच्या मुलानं मेसेज केला. पाच किलो तेल आहे, खोबरेल नाही, नुसत्या मोहट्याला सोडा किती? हिशेब तोच: पूर्ण लागेल 677 ग्रॅम, आठ टक्के कमी केलं की 623. मी आकडा पाठवला नाही, आधी विचारलं की काटा कुठला आहे. रेशन दुकानदार त्याचा देतो म्हणालाय. तो काटा दहा ग्रॅमच्या खाली दाखवत नसेल, म्हणजे 623 चे 630 होतील. तेवढं चालतं, सोडलेल्या आठ टक्क्यांत ते बसतं. तेल जुनं आहे तर घाणा घट्ट होणार, रवी मोडेल, हातानं भरावा लागेल, तेही तिला आता माहीत आहे. हातमोजे मी तिच्याकडे ठेवून आले होते. उरलेलं कॉस्टिक घरात कुठे ठेवणार, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं, "वर ठेवू."

किती वर, ते मी आज फोन करून विचारणार आहे.