टीटी बघायला गेलो आणि गावचा घाट आठवला

इंग्लंडात प्रेस्टनला राहायला येऊन सहा वर्षं झाली आणि आइल ऑफ मॅन हे बेट इथून समुद्रापलीकडे जवळजवळ समोरच, तरी टीटी (तिथली रस्त्यावरची मोटरसायकलची शर्यत) बघायचं दरवर्षी राहून जायचं कारण एक तर बोटीची तिकिटं आदल्या वर्षीच संपतात आणि दुसरं म्हणजे बायकोचं म्हणणं की रस्त्यावरून भुर्रकन गेलेल्या गाड्या बघायला एवढे पैसे कशाला, एम सिक्स हायवेच्या पुलावर उभा राहा की. २०२४ ला मात्र सच्याने (कॉलेजचा मित्र, आता मँचेस्टरला असतो) परस्पर दोन तिकिटं काढून टाकली आणि विषय संपवला.

रविवारी, २ जूनला, हेशम बंदरावरून रात्रीची बोट. माझी हिमालयन आणि सच्याची उधारीची ट्रायम्फ, आणि पुढेमागे चारपाचशे तरी बाइक, जर्मन, आयरिश, डच, झाडून सगळे. बोटीवरची पोरं प्रत्येक गाडीला गोणपाटासारख्या उशा लावून पट्ट्याने आवळून बांधत होती, आपल्याकडे टेम्पोत बैल बांधतात अगदी तसं. पावणेचार तासांच्या प्रवासातला निम्मा मी रेलिंग धरून काढला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बोटीवर चर्चा एकच. मायकल डनलॉप. शनिवारी त्याने २६ वी रेस जिंकून आपल्या सख्ख्या काकाच्या, म्हणजे जोई डनलॉपच्या, रेकॉर्डशी बरोबरी केलेली, आणि रविवारी दुपारी सुपरबाइकच्या रेसमध्ये पुढे असताना पिट स्टॉपला (पेट्रोल भरायला मध्येच थांबतात तेव्हा) हेल्मेटचं वायझर नीट बसलं नाही म्हणून पुढे जाऊन थांबावं लागलं आणि हातातली रेस गेली. पीटर हिकमन जिंकला. एवढ्या-एवढ्या प्लास्टिकच्या काचेपायी! शेजारचा आयरिश म्हातारा हे सांगताना असा कळवळत होता की जणू घरातलंच काहीतरी गेलं.

आता आधी एक सांगतो, कारण ते माहीत नसेल तर टीटी कळतच नाही. इथे सगळे एका रेषेत उभे राहून एकदम सुटत नाहीत. दर दहा सेकंदाला एक गाडी सोडतात आणि जो तो घड्याळाशी लढतो. पुढचा दिसतोय तो पुढे आहेच असं नाही. मी मंचरच्या बाजूचा माणूस, आमच्याकडे बैलगाड्याची शर्यत अशीच असते, एकावेळी एकच गाडा घाटात (शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात) सुटतो, भिर्रर्र होते, आणि मग सगळा घाट लाऊडस्पीकरकडे कान लावून, किती सेकंद? किती सेकंद? जोड्या शेजारीशेजारी पळवणाऱ्यांना यात काय मजा ते कळत नाही. मला टीटी बघायच्या आधीच कळलेली होती.

सोमवारी रेस नव्हत्या, रस्ते उघडे होते, म्हणून आम्ही सगळा कोर्स स्वतः मारायचं ठरवलं. एक फेरी ३७.७३ मैल, म्हणजे साधारण साठ किलोमीटर. मंचर ते पुणे. आमच्या एसटीला चाकणच्या ट्रॅफिकमधून त्याला अडीच तास लागतात, आणि हिकमनने २०२३ ला ही फेरी १६ मिनिटं ३६ सेकंदात मारलेली आहे, सरासरी १३६.३५८ मैल, किलोमीटरमध्ये २१९ च्या वर. सरासरी हां! गावातून, घरांच्या दारासमोरून, दोनशेच्या वर वळणं घेत.

खाली जे इतिहासाचं आहे ते सगळं रस्त्यात जसं लागलं तसं लिहितोय, त्यामुळे सनावळ्या पुढेमागे होतील, सांभाळून घ्या.

डग्लसमधल्या ग्रँडस्टँडसमोरून निघालो. समोर स्मशान आहे, हे खरंच आहे, स्टार्टच्या रेषेवरून स्वाराला उजवीकडे स्टँड आणि डावीकडे स्कोअरबोर्ड आणि त्याच्यामागे कबरी. तो जुना बोर्ड स्काउटची पोरं हाताने चालवायची. तिथून थोडं पुढे ब्रे हिल, दोन्हीकडे साधी घरं, बागा, पडदे, आणि मध्ये हा धाडकन खाली जाणारा उतार. रेसवाले इथून पावणेतीनशेच्या आसपास जातात. मी चाळीसने गेलो आणि स्पीड ब्रेकर नाही म्हणून देवाचे आभार मानले.

पुढे क्वार्टर ब्रिज, युनियन मिल्स, क्रॉस्बी, ग्रीबा करत बॅलाक्रेनला उजवीकडे वळायचं. इथे न वळता सरळ गेलं की सेंट जॉन्स, आणि आम्ही मुद्दाम सरळ गेलो कारण सगळ्याची सुरुवात तिथे आहे. तिथे टिनवाल्ड हिल म्हणून पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार टेकडी आहे, या बेटाची स्वतःची संसद हजार वर्षांपासून आहे म्हणतात आणि अजून वर्षातून एकदा या टेकडीवर उघड्यावर भरते. आता रेसचा आणि संसदेचा संबंध काय? तर ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने गाड्यांना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्ता रेससाठी बंद करायला परवानगीच नव्हती. मग ऑटोमोबाइल क्लबचा सेक्रेटरी ज्युलियन ऑर्ड इकडे आला, इथला गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन त्याचा नातेवाईक निघाला (पाहुणेरावळे सगळीकडे कामाला येतात बघा), आणि १९०४ ला टिनवाल्डने रस्ते बंद करायचा कायदा करून टाकला. आधी मोटारी धावल्या, आणि मग २८ मे १९०७ ला या सेंट जॉन्सच्या आसपासच्या छोट्या कोर्सवर पहिली टीटी. पंचवीस स्वार, दहा फेऱ्या, १५८ मैल. टीटी म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी, नाव असं का तर रोजच्या वापरातल्या गाड्या सुधाराव्यात हा उद्देश, त्यामुळे सायलेन्सर पाहिजे, सीट पाहिजे, मडगार्ड पाहिजे, आणि पेट्रोल मोजून मिळायचं, एका सिलिंडरवाल्याला गॅलनला ९० मैलांच्या हिशोबाने आणि दोनवाल्याला ७५. म्हणजे पहिली टीटी ही एका अर्थी ‘कितना देती है’ची रेस होती!

चार्ली कॉलियर मॅचलेसवर जिंकला, ३८ मैलांच्या सरासरीने, चार तास आठ मिनिटं. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर, नॉर्टनवर, इंजिन मात्र प्यूजोचं. हा फाउलर किती वेळा पंक्चर, बेल्ट, प्लगसाठी थांबला त्याला गणती नाही, निघायच्या आधी दुधातून ब्रँडी मारली होती असं सांगतात, आणि वाटेत टायर फुटल्यावर सोडूनच देणार होता पण कुणीतरी ओरडून सांगितलं की अरे तू अर्ध्या तासाने पुढे आहेस. घड्याळाच्या रेसमध्ये हे असं असतं, माणसाला स्वतःचंच माहीत नसतं. त्या नॉर्टनचा मालक आता २०२० पासून आपला टीव्हीएस आहे. सच्याला हे सांगितलं तर म्हणाला मग माझ्या एक्सएल सुपरला घेतील का रेसमध्ये.

परत बॅलाक्रेनला येऊन डावीकडे. ग्लेन हेलन, मग कर्क मायकल, एवढासा गल्लीसारखा रस्ता आणि दोन्हीकडे भिंतीला भिंत लागून घरं. पुढे बॅलाफ पूल, जिथे रेसवाल्यांच्या गाड्या दोन्ही चाकांनी हवेत जातात. तिथे १९३९ ला बीएमडब्ल्यूचा कार्ल गॉल सरावात पडून गेला, आणि त्याच आठवड्यात त्याच टीमचा गेऑर्ग मायर सीनियर टीटी (टीटीतली सगळ्यात मानाची रेस) जिंकला, परदेशी स्वार परदेशी गाडीवर असं सीनियरमध्ये पहिल्यांदाच. तीन महिन्यांनी महायुद्ध. मग थेट १९४७ पर्यंत टीटी नाही.

रॅम्झी सोडलं की चढ सुरू होतो. टीटीच्या काळात हा डोंगरावरचा रस्ता एकेरी करतात आणि गावाबाहेर वेगमर्यादा नाहीच, त्यामुळे आमच्या शेजारून जे लोक जात होते ते काय सांगू. हिमालयन बिचारी चढाला घरघर करत होती, एका क्षणी आम्हाला एका आजीबाईंनी मोटारीतून ओव्हरटेक केलं आणि वर हात हलवला.

हा डोंगर रेसमध्ये आला १९११ ला. तेव्हा वर नुसती गाडीवाट होती, मेंढरं बाहेर जाऊ नयेत म्हणून फाटकं, आणि सकाळी सरावाला पहिला जाणाऱ्याने ती उघडत जायची. त्याच वर्षी सीनियर टीटीत पहिले तीनही नंबर इंडियनने नेले! कॉलर ताठ करायचं कारण नाही, ती अमेरिकन कंपनी. पण त्यांच्या गाडीला चेन होती आणि दोन गिअर होते, आणि बाकीच्यांचे पट्टे डोंगरात घसरत होते. डोंगर आला म्हणून गिअर आला असं मला तरी वाटतं, सपाटीवर कुणाला एवढी निकड नसती. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज गेला, या कोर्सवरचा पहिला बळी. तेव्हापासून टीटी आणि ऑगस्टमधली मँक्स ग्रां प्री धरून अडीचशेहून जास्त स्वार गेलेत.

वर जाताना जिमी गथ्री या स्वाराचं दगडी स्मारक लागतं. १९३७ ला त्याच्या शेवटच्या टीटीत गाडी इथे बंद पडली आणि त्याच उन्हाळ्यात जर्मनीतल्या रेसमध्ये तो जिवाला मुकला. इथल्या वळणांची नावं अशीच आहेत, कुठे कोण थांबला, कुठे कोण पडला. पुढे सव्विसावा मैल, त्याला आता जोईज म्हणतात, सव्वीस रेस जिंकल्या म्हणून सव्विसावा मैल. बंगलो नावाच्या जागेला जोईचा पुतळा आहे, होंडावर बसलेला. बॅलीमनीचा माणूस, स्वतःचा पब चालवायचा, लाजाळू, रेस झाली की व्हॅनमध्ये कपडे-खाणं भरून एकटाच रोमानिया नाहीतर बोस्नियाच्या अनाथाश्रमात नेऊन द्यायचा. २००० साली वयाच्या ४८ व्या वर्षी एका आठवड्यात तीन रेस जिंकला आणि महिन्याभरात एस्टोनियातल्या एका रेसमध्ये झाडावर जाऊन गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ ला सरावात गेला, रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ ला. रॉबर्टचा दुसरा मुलगा मायकल. म्हणजे आम्ही ज्याला बघायला आलो तो. पुतळ्यापाशी लोक टोप्या काढून उभे होते आणि सच्या, जो कुठे गप्प बसत नाही, तो गप्प होता.

होंडाचं राहिलंच. १९५४ ला सोइचिरो होंडाने जाहीर केलं की आपण टीटीत उतरणार, तेव्हा कंपनी जेमतेम सहा वर्षांची. १९५९ ला आले, डग्लसजवळ ऑनकनला एका हॉटेलात उतरले, आणि १२५ च्या गटात तानिगुची सहावा, शिवाय टीमचं बक्षीस. दोनच वर्षांत माइक हेलवुडने त्यांना १२५ आणि २५० दोन्ही जिंकून दिल्या. आमच्या तालुक्यात दुधाच्या किटल्या अडकवून जी हिरो होंडा फिरायची तिचे पूर्वज असे या डोंगरावरून गेलेत, बंगलोवर उभं राहून मला हे भारीच वाटलं.

हेलवुडचं नाव पुढच्या चढाला दिलंय. १९६७ ची सीनियर, तो होंडावर आणि इटलीचा अगोस्तिनी तिकडच्याच एमव्ही गाडीवर, हेलवुडची थ्रॉटलची मूठ ढिली झालेली, पिटमध्ये हातोडीने ठोकून परत निघाला, आणि पाचव्या फेरीत अगोस्तिनीची चेन विंडी कॉर्नरला तुटली. ते लॅप रेकॉर्ड १९७५ पर्यंत टिकलं. १९७२ ला पावसात जिल्बेर्तो पार्लोत्ती गेला तेव्हा अगोस्तिनी म्हणाला बास, परत येणार नाही, बाकीचेही हळूहळू यायचे थांबले, आणि १९७६ नंतर टीटी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर. सगळ्यांना वाटलं संपलं. तर १९७८ ला हेलवुड अकरा वर्षांनी परत आला आणि डुकाटीवर जिंकला. पुढे १९८१ ला तो मुलांना घेऊन मोटारीतून फिश अँड चिप्स आणायला निघाला असताना एक ट्रक मध्ये आला, त्यात तो आणि मुलगी दोघंही गेले. या डोंगराने त्याला काही केलं नाही.

बंद करा म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आमचे गाडे २०१४ ला कोर्टाने बंद केले तेव्हा मी तावातावाने भांडायचो, तो प्रश्न मुक्या जनावराचा होता, इथे माणूस स्वतःच्या मर्जीने बसतो, तरी गथ्रीच्या दगडापाशी माझा तावातावाचा सूर लागेना हे खरं.

मंगळवारी आम्ही बॅलाफ पुलापाशी. सकाळी जाऊन जागा धरायची, रस्ते बंद झाले की अडकलात, मग सँडविच आणि किपर (धुरावलेला मासा) आणि शेजाऱ्याचा रेडिओ हेच तुमचं जग. भगव्या जॅकेटमधले मार्शल सगळे बिनपगारी, शेकड्याने लागतात, कुणी शिक्षक कुणी प्लंबर. आपल्या जत्रेतले स्वयंसेवक, फक्त शिट्टी कमी.

सुपरट्विनची, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाड्यांची, रेस. आधी हेलिकॉप्टर, मग लांबून आवाज, तो आवाज कानात न येता आधी छातीत येतो, मग एकदम पुलावर ब्रेक, उडी, धप्प, आणि गेला. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला त्यात फक्त भिंत आली. मायकल गेला तेव्हा कळलंच नाही तो कितवा आहे. शेजारचा म्हातारा स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसलेला, दोन नंबर लिहून त्याने माझ्याकडे बघून बोटं दाखवली, एवढे सेकंद पुढे. मग परत वाट बघणं. शेवटच्या फेरीला तो गेल्यावर कुणी बोलेना, सगळी भिंत रेडिओकडे वाकलेली, डग्लस इथून डोंगरापलीकडे, जिंकणं दिसणार नव्हतंच. आणि मग रेडिओवरच्या माणसाचा आवाज चिरकला. सत्तावीस. म्हाताऱ्याने वही बंद केली, चष्मा काढला, पुसत बसला. (२०२५ ला तो तेहतीसवर पोचला, पण मी होतो तो सत्तावीसचा.)

संध्याकाळी आबांना फोन लावला. सगळं सांगितलं, काका-पुतण्या, पूल, डोंगर.

“घाट केवढ्याचा?”

“साठ किलोमीटर.”

“आन बारी कितीत बसती?”

“रेकॉर्ड सोळा मिनिटं छत्तीस सेकंद.”

आबा जरा वेळ गप्प. आमच्या घाटात बारा सेकंदांना नंबर जातो.

“सोळा मिनिटं?” म्हणाले. “मंग तवर लोकं करत्यात काय?”