लाखेची चकाकी

सावंतवाडीतल्या एका काकींच्या घरातला गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, जुना संच ऑनलाइन विकायला काढायचा होता. दशावतारी संच, म्हणजे १२० पानं: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहाची पानं. घरच्या मुलाने मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेले फोटो आधीच टाकले होते. प्रत्येक पानाच्या मधोमध पांढरा ठिपका, भोवतीचा लाल मातकट. खाली गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न: छापील आहेत का?

प्रश्न रास्तच होता. अशा पानाला कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, मग रंग आणि शेवटी लाख चढते. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये हे सगळे थर सपाट होऊन जातात. लाखेची चकाकी पूर्ण घालवली तरी तेच होतं, पान कागदी वाटतं. म्हणून मी फोटो नव्याने काढायला घेतले, तेव्हा ठरवलं: चकाकी घालवायची नाही, हवी तिथे बसवायची.

श्रावण चालू होता. झड आत येऊ नये म्हणून पडवीला निळं प्लास्टिक लावलेलं, पलीकडे पोफळी. त्या उजेडात पांढरा कागदसुद्धा निळा-हिरवा येतो, म्हणून टेबल ओटीच्या उत्तरेकडच्या खिडकीशी नेलं. ट्यूबलाइट बंद केली. दोन जातींचे उजेड एकाच फोटोत मिसळले की नंतर कॉम्प्युटरवर कितीही घासा, एक बाजू पिवळी किंवा निळी राहतेच. खिडकीवर पातळ पांढरं धोतर ताणलं, समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा केला आणि पानांखाली फिकट राखाडी कागद घातला. पांढऱ्याशुभ्र कागदावर कॅमेरा फसतो आणि पान काळवंडतं.

कॅमेरा स्टँडवर, भिंग टेबलाला अगदी समांतर. जरा तिरकं झालं तरी गोल पान लंबगोल दिसतं. एफ ८ (भिंगाचं छिद्र मध्यम), आयएसओ १०० (प्रकाशसंवेदन कमी), व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा ही जुळणी, ठरवून पक्का, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. ऊन-पावसाचा खेळ चालू असल्याने ढग हलला की थांबायचं, आणि उजेड बदलला की ग्रे कार्डाचा (रंग जुळवायच्या राखाडी कार्डाचा) एक फोटो घेऊनच पुढे जायचं. नाहीतर एकाच संचातले दोन राजे दोन लाल रंगांचे होतात. हे मोबाइलवरही जमतं: दुप्पट झूम लावून मागे सरकायचं आणि पानावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक करायचं.

उजेड बाजूने येत असला तरी वरचं छत लाखेत दिसतंच. त्याला उपाय म्हणजे काळा कार्डशीट: मधोमध भिंगाएवढं भोक पाडून तो कॅमेऱ्यापुढे अडकवायचा. दमट हवेत जुनी पानं वाकतात, मग उचललेल्या कडेवर चकाकीची चंद्रकोर उमटते. अशा वेळी पान दाबू नये, वरून काच तर ठेवूच नये. लाखेचा टवका उडतो. पान जागच्या जागी फिरवत राहायचं, कोर निघून जाते.

समोरून सगळी पानं झाली आणि मी पाठी घ्यायला लागलो. पाठीचे फोटो लोक टाळतात, पण गंजिफांच्या पाठी मुद्दाम एकसारख्या ठेवतात, पान ओळखू येऊ नये म्हणून. इथे कॅमेरा खिडकीसमोर खाली आणायचा, टेबलापासून साधारण तीस अंशांवर, म्हणजे खिडकीचा उजेड पाठीवरून घसरत भिंगात येतो. फोकस मात्र पानाच्या पृष्ठभागावर, त्यातल्या प्रतिबिंबावर नाही.

परशुरामाच्या वजिराची पाठ या उजेडात आली आणि हात थांबला. अंगठ्याएवढा मंद डाग. कडेला लाख गोळा होऊन बारीक वळ उठलेला, त्यात कापसाचा एक धागा रुतलेला. वरून घेतलेल्या फोटोत यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मी विचारलं, "काकी, हे पुसलं होतं का कशाने?"

"बुरशी इल्ली रे. हाताक लावतत ता सॅनिटायझर लावन पुसलंय."

लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेला हात नुसता टेकला तरी ठसा उठू शकतो. बुरशीला कोरडा मऊ ब्रश, बस. ओला फडकाही नको, खाली खळ आहे.

मुलाचं म्हणणं, हा एक फोटो वगळू. मला ते पटलं नाही. डागामुळे तो वजीर पाठीवरून ओळखू येतो, म्हणजे संच खेळायला नाही, संग्रहाला. किंमतच त्यावर ठरते. डागाचा फोटो मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून काढला. मापाला नाणं वापरू नये, रुपयाचे आकार बदलत आलेत. आणि तिरक्या उजेडातला नरसिंहाचा राजा पहिल्या फोटोला घेतला: वरच्या कडेवर चकाकीची एक पट्टी, खाली कुंचल्याच्या रेषा मोकळ्या. ते पान बघून छापील आहे का, असं कोणी विचारणार नाही.

काकींकडे लाकडी फळंही होती. तिथे अडचण वेगळी. भडक लाल रंगाला मोबाइल आणखी भडक करतो आणि सफरचंदाची गोलाई जाते. एक्स्पोजर अर्धा स्टॉप, म्हणजे थोडंसं, उतरवलं की कातलेल्या वळ्या परत दिसतात.

पानं डबीत भरताना प्रत्येक दोनांमध्ये बटर पेपर घातला. दमट उकाड्यात प्लास्टिक लाखेला चिकटतं, आणि पार्सल पावसात किती दिवस पडून राहील ते सांगता येत नाही.